टोपी घालण्याचा उद्योग

'टोपी घालणे' या शब्दप्रयोगाला मराठीत काही फारसा चांगला अर्थ नाही. आणि आयटीत बारा वर्षं काढल्यावर मी त्या कलेत अगदीच अडाणी आहे असंही म्हणता येणार नाही. 'नव्वद टक्के काम झालंय, फक्त टेस्टिंग बाकी आहे' ही टोपी आमच्याकडे रोज कुणी ना कुणी, कुणाला ना कुणाला तरी घालत असतं. पण गेल्या पावसाळ्यापासून मी खरोखरच्या टोप्यांच्या मागे लागलोय. लोकरीच्या. दोन सुयांवर विणलेल्या. विणायची पण मीच आणि गिऱ्हाईक शोधून त्याच्या डोक्यात घालायची पण मीच!

ऑफिसात ही बातमी फुटली तेव्हा दोनच प्रतिक्रिया आल्या. पहिली, "तू?? विणकाम??" आणि दुसरी, साधारण अर्ध्या मिनिटाने, "मला एक करून दे ना." तिसरी प्रतिक्रिया मातोश्रींची. "लग्नाचं बघायचं सोडून हे काय काढलंस?" असो.

सुरुवात अगदी साधी होती. दिवसभर स्क्रीनसमोर बसून जे काही आपण 'बनवतो' ते हातात धरता येत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी तक्रार. म्हणून कुणी पाव भाजायला लागतं, कुणी गिटार घेतं आणि मग ती कपाटावर ठेवतं. माझ्या वाट्याला लोकर आली, कारण आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी ट्रंक आवरायला काढली होती. काकू पंच्याहत्तरीच्या. आयुष्यभर विणकाम केलेलं. आता संधिवाताने बोटं अशी वाकलीत की सुई धरताच येत नाही. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासातले लोकरीचे गुंडे, रबरबँड लावलेल्या सुयांच्या जोड्या आणि एक टेप. "कुणाला उपयोग होत असेल तर बघ रे, टाकवत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, "मलाच शिकवा." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "रविवारी ये. हात धुऊन ये."

पुरुषांनी विणावं की नाही यावर आमच्या सोसायटीत मतं असतील. माझ्या समाधानासाठी मी थोडं वाचन केलं. पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं एक बेट आहे. तिथे सुयांवरचं विणकाम हे पुरुषांचंच काम. मुलगा लहानपणीच टोपी विणायला शिकतो, आणि कुणाचं लग्न झालंय आणि कुणाचं नाही ते त्याच्या टोपीवरून कळतं. तिथली ही विणकामाची परंपरा युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. (मातोश्रींना हे सांगितलं. "मग जा तिकडे!" असं उत्तर मिळालं.)

टोपीच्या इतिहासात आणखी एक गंमत सापडली. १५७१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला होता की सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने रविवारी आणि सणावारी देशात विणलेली लोकरीचीच टोपी घालायची. सरदार, श्रीमंत वगैरे मंडळींना सूट. बाकीच्यांनी नाही घातली तर दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड! टोप्या विणणाऱ्यांचा धंदा बसत चालला होता, तो सावरायला ही युक्ती. १५९७ मध्ये कायदा रद्द झाला. म्हणजे सरकारने जनतेला टोपी घालण्याची परंपरा चांगली साडेचारशे वर्षांची आहे.

आता मुद्द्याकडे येतो.

मराठीत आपण हातमागावर कापड विणतो आणि सुयांवर स्वेटरही विणतो. शब्द एकच, पण आतलं यंत्र एकदम वेगळं. मागावर उभा ताणा असतो, आडवा बाणा असतो आणि दोघं एकमेकांना धरून ठेवतात. सुयांवरच्या विणकामात एकच धागा. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तोच. प्रत्येक टाका म्हणजे खालच्या टाक्यातून वर ओढलेला एक फास. वरचा टाका आहे म्हणून खालचा टिकून आहे, आणि सगळ्यात वरची ओळ टिकलीये ती फक्त सुईमुळे. सुई काढून धागा ओढला की स्वेटर परत गुंडा होतो. मला तर हे ऐकूनच बरं वाटलं. काहीही वाया जात नाही, असं माध्यम आमच्याकडेही कुठे आहे?

आणि गंमत म्हणजे सगळ्या विणकामात टाके दोनच. सुलट आणि उलट. त्यातही खरं तर एकच, कारण सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट दिसतो. केबल म्हणा, जाळी म्हणा, चौकटी म्हणा, सगळं या दोनांतून. शून्य आणि एक यांच्यावर पोट भरणाऱ्या माणसाला यापेक्षा आपलं माणूस ते कोण वाटणार?

काकूंची शिकवण्याची पद्धत मात्र अजब. मला वाटलं होतं आधी टाके घालायला शिकवतील. त्यांनी माझ्या हातात स्वतःचा एक जुना, अर्धा विणलेला तुकडा दिला आणि म्हणाल्या, "सुई काढ. चार ओळी उसव. आता सगळे टाके परत सुईवर घे." पहिला अख्खा रविवार याच्यात गेला. टाका सुईवर कसा बसतो, त्याचा कोणता पाय पुढे असतो आणि कोणता मागे, मधलाच एक टाका निसटून खाली घरंगळला तर क्रोशाच्या सुईने शिडीच्या पायऱ्यांसारखं एकेक आडवा धागा ओढत त्याला वर कसं आणायचं. "उसवायची भीती गेली की विणकाम आलंच," हे त्यांचं म्हणणं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी कोड लिहायला न बसवता बॅकअप रिस्टोर करायला बसवावं, तसं. करून बघायला हवं!

त्याच रविवारी आणखी एक युक्ती कळली. काही नाजूक करायच्या आधी एका ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून सुईदोऱ्याने वेगळ्या रंगाचा एक धागा ओवून ठेवायचा. पुढे काही बिनसलं तर बिनधास्त उसवायचं. त्या धाग्यापाशी येऊन सगळं थांबतं. इंग्रजीत याला लाइफलाइन म्हणतात. मी म्हटलं, "काकू, ही तर कमिट केलेली ओळ." काकू म्हणाल्या, "काय ते म्हण, पण धागा गडद रंगाचा घे."

दुसरा धडा आकड्यांचा. आपल्याकडे सुयांना जे नंबर असतात ते जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. म्हणजे अमेरिकन कृती वाचून तुळशीबागेच्या आसपासच्या दुकानातून '८ नंबर' आणली, तर डोकं एका मापाचं आणि टोपी दुसऱ्या मापाची. एककांच्या गोंधळापायी १९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान गेलं, तिथे टोपीचं काय! नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

आणि नुसती सुई बघूनही भागत नाही. तीच लोकर, तीच सुई, पण माणूस बदलला की माप बदलतं, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी धागा आवळून धरतो, कुणी सैल. त्यामुळे कुठल्याही कामाच्या आधी एक चौकोनी नमुना विणायचा आणि १० सेंटिमीटरमध्ये आपले स्वतःचे किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजायचं. बारीक लोकरीवर १० नंबरच्या सुईने माझे बसतात २४ टाके आणि ३२ ओळी. हे दोन आकडे एकदा हातात आले की छापील कृतीची गरजच उरत नाही. बाकी सगळा गुणाकार-भागाकार.

उदाहरणार्थ टोपी. टोपीचे भाग तीन. खाली पट्टी, मध्ये सरळ नळकांडं, वर माथा.

पट्टीला 'दोन सुलट, दोन उलट' विणतात. का? तर एका बाजूने सगळं सुलट दिसणारं विणकाम कडेला आपोआप गुंडाळतं. टाका पुढून आणि मागून सारखा नसतो, त्यामुळे कापड एका अंगाला वळायला बघतं. सुलट आणि उलट टाक्यांचे उभे पट्टे शेजारी शेजारी आले की एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. वळायचं राहून जातं आणि कापड आकसून बसतं. ताणलं की पसरतं, सोडलं की परत येतं. इलॅस्टिक न घालता टोपी डोक्याला धरून राहते ती या भांडणामुळे. दोन परस्परविरोधी स्वभावांची माणसं शेजारी बसवली तर टीम टिकते, असा मॅनेजमेंटचा एखादा सुविचार इथे चिकटवता येईल, पण नको.

खरी मजा माथ्यात. नळकांडं वर बंद करायचं तर टाके कमी करत न्यायला हवेत, दोन टाके एकत्र विणून. पण किती आणि केव्हा? सगळ्या कृतींत असतं की 'आठ भाग करा, एक ओळ सोडून प्रत्येक भागात एक टाका कमी करा'. आठच का? काकूंनी सांगितलं, "आठच." त्यांच्या आईनेही आठच सांगितलं होतं. मग मी कागद घेतला. टोपीचा माथा म्हणजे साधारण एक चकती. चकतीत मध्याकडे सरकताना त्रिज्या जितकी कमी होते, त्याच्या 2π पट परीघ कमी व्हायला हवा. माझी एक ओळ म्हणजे १० भागिले ३२, अंदाजे ०.३१ सेंटिमीटर. त्याला २π ने गुणलं की १.९६ सेंटिमीटर. सेंटिमीटरला २.४ टाके, म्हणजे ओळीला ४.७ टाके कमी करायला हवेत. दोन ओळींना साडेनऊच्या आतबाहेर. त्यापेक्षा जरा कमी, म्हणजे आठ, कमी केले तर चकती एकदम सपाट न होता किंचित फुगीर होते. आणि डोकं कुठे सपाट असतं? काकूंच्या आईला २π माहीत नव्हता, पण उत्तर माहीत होतं. मी तो कागद काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, "म्हणजे आठच ना?"

तर अशी दिवाळीपर्यंत माझी गाडी रमतगमत चालली होती. एक मोठ्या माणसाची टोपी अर्धी झाली होती. आणि मग नोव्हेंबरमध्ये ताई बाळंत झाली.

तिला तारीख दिली होती जानेवारीची. एकतिसावा आठवडा चालू होता. डोहाळजेवणाचे फोटो अजून सगळ्यांना पाठवूनही झाले नव्हते. बाळ, मुलगी, १४०० ग्रॅम. दीड किलोसुद्धा नाही. आपण मंडईतून यापेक्षा जास्त बटाटे आणतो. मी काचेतून पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा नळ्या दिसल्या, मग पट्ट्या दिसल्या, आणि मग लक्षात आलं की त्या सगळ्याच्या मध्ये ती आहे.

आपल्याकडे बाळ व्हायच्या आधी कपडे आणत नाहीत. घरात काही शिवायचं नाही, विणायचं नाही. कुंची, टोपडं, झबली, दुपटी, सगळा बाळंतविडा नंतर. त्यामुळे नऊ आठवडे आधी आलेल्या या पाहुणीसाठी घरात एक चिंधीसुद्धा तयार नव्हती. भावोजी दुकानातून सगळ्यात लहान मापाची टोपी घेऊन आले. ती तिच्या नाकापर्यंत आली. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो, हिचा होता २८.

टोपीचं एवढं काय, असं मला त्या दिवशी वाटलं असतं, पण तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मोठ्या माणसाची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं आपण ऐकलेलं असतं, ते खरं नाही. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रचलित गैरसमजांच्या एका लेखात तेही खोडून काढलं होतं. मोठ्या माणसाचं डोकं अंगाच्या मानाने लहान असतं, आणि त्या मानानेच उष्णता जाते. नवजात बाळाचं डोकं मात्र अंगाच्या पृष्ठभागाच्या जवळपास पाचवा हिस्सा असतं. आणि दिवस न भरलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, त्याला कुडकुडून ऊब आणता येत नाही. अंग थंड पडलं की जी साखर आणि जो प्राणवायू वाढीला लागायला हवा तो ऊब राखण्यात खर्च होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा प्रोसेसर पंखा फिरवण्यातच जातो.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी कांगारू मदर केअर सुरू करायला सांगितलं. म्हणजे बाळाला आईच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं उभं ठेवायचं आणि वरून बांधून घ्यायचं. दिवसाचे जितके जास्त तास जमेल तितके. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या एका रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी वेळ होती, तेव्हा एडगार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी हे सुरू केलं. गरजेपोटी काढलेला तोडगा, पण तो तोडगा राहिला नाही. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बाळाची तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर हे सुरू केलं तर बाळं दगावण्याचं प्रमाण पाव हिश्श्याने कमी झालं. आता जागतिक आरोग्य संघटनासुद्धा दिवसाला ८ ते २४ तास सांगते. या सगळ्यात बाळाच्या अंगावर तीनच गोष्टी असतात. लंगोट, मोजे आणि टोपी.

सिस्टर म्हणाल्या, "घट्ट नको, सैल नको, मऊ हवी. नाडी नको, बटण नको, गोंडा नको. जाळीची वीण नको, भोकात बोट अडकतं. आणि धुऊन आणायची." इतकं स्वच्छ रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मला बारा वर्षांत कुणी दिलेलं नाही.

संध्याकाळी मी काकूंचं दार वाजवलं. त्यांनी एकही प्रश्न न विचारता ट्रंक उघडली. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी बोलते, तू विण."

२८ सेंटिमीटरचं डोकं. टोपी थोडी ताणून बसायला हवी, म्हणून साधारण २६ धरली. २६ गुणिले २.४, म्हणजे ६२ आणि थोडे. आठने आणि चारने भाग जाणारा जवळचा आकडा ६४. चौसष्ट! त्या दिवसातली ती पहिली ओळखीची गोष्ट. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे ६६. काकूंनी लगेच सांगितलं की ओळ दोन सुलटने सुरू होईल आणि दोन सुलटनेच संपेल. शिवताना दोन्हीकडचा एकेक टाका आत जाईल आणि उरलेल्या दोघांचा मिळून एक पट्टा होईल, जोड दिसणारच नाही. मी हे आधी कागदावर पडताळून पाहिलं. बरोबर होतं. पट्टी ८ ओळी, सरळ १६ ओळी, मग माथा. सहा सुलट, दोन एकत्र, असे आठ भाग. ६४ चे ५६, ४८, ४०, ३२, २४, १६, ८. एक ओळ सोडून एक. १४ ओळींत माथा बंद. शेवटी उरलेल्या टाक्यांतून धागा ओवायचा आणि ओढायचा.

सगळे मिळून दोन हजार टाके, वर थोडे. नवशिक्याच्या हाताला दोन रात्री. एक काकूंच्या जेवणाच्या टेबलापाशी आणि एक रुग्णालयाच्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

त्या व्हरांड्यात रात्री बसून असलेल्या माणसांना वेळ कसा घालवायचा ते कळत नसतं. फोन बघून होतो, परत बघून होतो. दर वेळी दार उघडलं की सगळ्या माना तिकडे. मला आठवतंय, मी फक्त मोजत होतो. दोन सुलट, दोन उलट. कुणी काही सांगितलं तर विणकाम खाली ठेवायचं, ऐकायचं, परत उचलायचं. हात जिथे थांबले होते तिथूनच पुढे जातात. कितवा टाका ते विसरलं तरी चालतं, कारण खाली बघितलं की कापडच सांगतं. माझ्या शेजारी साताऱ्याकडचे एक आजोबा बसले होते. त्यांचा नातू आत. तासभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं मेंढरं हायती. लोकर कातरतो दरसाल. पण हे कधी बघितलं न्हाई बसून." आणि मग सुईच्या टोकाकडे बघत राहिले. पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ती टोपी संपवली असं म्हटलं तरी चालेल.

टोपी धुऊन, वाळवून सिस्टरांच्या हातात दिली. बसली. कानांवरून, कपाळाच्या वर. ताईने बाळाला छातीवर घेतलं तेव्हा मला दिसत होती ती फक्त ती पिवळी टोपी आणि खाली ताईचा हात. ताई वर बघून एवढंच म्हणाली, "मामाने केली बरं का." जन्मून पाच दिवस झाले होते आणि त्यात ताईच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं साधं, घरगुती वाक्य ते.

टोपीने बाळ वाचतं असं मी म्हणत नाहीये. बाळाला वाचवलं त्या पेटीने, औषधांनी, रात्रभर जागणाऱ्या सिस्टरांनी आणि तासन् तास न हलता बसणाऱ्या ताईने आणि भावोजींनी. (हो, भावोजींनी पण. बापाच्या छातीवरही कांगारू चालतो.) टोपीचं काम त्यात अगदी छोटं. पण ते काम कुणीतरी करायचं होतं आणि ते करता येण्यासारखं होतं. अशा वेळी करता येण्यासारखं काही असणं, ही केवढी गोष्ट असते ते व्हरांड्यात बसलेल्यांना विचारा.

तीन आठवड्यांनी सिस्टरांनी टोपी परत दिली. "लहान झाली." नोकरीत आजवर किती बग रिपोर्ट घेतले असतील, पण असा कधी मिळाला नव्हता. पुढची ७२ टाक्यांची केली. ती होईतो मुलगी १९०० ग्रॅमची होऊन घरी आली. बारशाला आत्याने रीतसर कुंची आणली, नाव ठेवलं, पाठीत धपाटे खाल्ले. सगळं यथासांग झालं, फक्त जरा उशिरा.

आता त्या वॉर्डासाठी महिन्याला चार-पाच टोप्या होतात. सगळ्या बिनगोंड्याच्या. वेगवेगळ्या मापांच्या, कारण तिथे २५ सेंटिमीटरचं डोकंही येतं. मोठ्या माणसाची ती अर्धी टोपी अजून तशीच सुईवर आहे, गडद निळा धागा ओवून ठेवलाय. कुठे जात नाही ती.

काकूंना मी एकदा विचारलं की तुम्ही सगळ्यात आधी काय विणलं होतं. म्हणाल्या, कानटोपी. १९६२ साली. चीनचं युद्ध चाललं होतं, आपल्या जवानांकडे थंडीचे कपडे नाहीत असं सगळीकडे बोललं जात होतं, आणि देशभर घराघरांत, शाळाशाळांत बायका-मुली स्वेटर, मोजे, टोप्या विणत होत्या. काकू बारा वर्षांच्या. शाळेत बाईंनी खाकी लोकर वाटली. काकूंनी आठ दिवसांत कानटोपी पुरी केली, बाईंनी गठ्ठ्यात बांधली, गठ्ठा गेला. "कुणाच्या डोक्यावर गेली, कुणास ठाऊक," म्हणाल्या. "बसली की नाही, तेही कळलं नाही. माप कुणी दिलंच नव्हतं. मी आमच्या दादाच्या डोक्यावरून घेतलं."

मग त्यांनी माझ्या हातातली नवी टोपी घेतली, वाकड्या बोटांनी ती उलटी केली आणि आतली बाजू दिव्याखाली धरून बराच वेळ बघितली. विणकाम आतून बघायचं असतं म्हणे. धाग्याची टोकं नीट लपवलीत का, शिवण टोचेल का, ते आतूनच कळतं, आणि बाळाला लागते ती आतलीच बाजू.

"बरी आहे," म्हणाल्या. "पुढची हिरवी कर."

तर मंडळी, कुणाला करून बघायची असेल तर हिशोब वर आहेच. १० नंबरची सुई, बारीक मऊ लोकर, ६६ टाके. द्यायच्या आधी रुग्णालयात विचारून घ्या आणि धुऊन द्या. आणि हो, सुरुवात उसवण्यापासून करा.